एका लॅटव्हियन गोलकीपरचा हेवा

गेली चार वर्षं मला एका लॅटव्हियन मुलाचा हेवा वाटत आला आहे. त्याला मी कधी भेटलेलो नाही, भेटण्याची शक्यता नाही, आणि तो जो खेळ खेळतो तो मी प्रत्यक्ष एकदाही पाहिलेला नाही. तो बर्फावरच्या हॉकीत गोलकीपर आहे. कोल्हापुरातल्या आमच्या कसबा बावड्यात बर्फ दिसतो तो फक्त रसवंतीच्या गाड्यावर. तरीही हेवा वाटला. तो का वाटला हे सरळ लिहून टाकावं असं आता वाटतं, कारण त्यातला बराचसा भाग आकड्यांचा आहे आणि आकड्यांत मी सहसा चुकत नाही. या प्रकरणात चुकलो.

मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहे. सव्वीस वर्षं झाली. उसाची गाडी भरून आत येते, तिचं वजन घ्यायचं. रिकामी होऊन बाहेर जाते, पुन्हा वजन घ्यायचं. दोन्हींतला फरक तो ऊस. दहा किलोंवरून माझ्याशी भांडणारे शेतकरी मी पाहिले आहेत आणि काटा दोनदा तपासून त्यांना दाखवलाही आहे. या कामामुळं म्हणा किंवा स्वभावामुळं म्हणा, मला कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय चैन पडत नाही.

आम्हाला एकच मुलगी. सहावीत असताना ती शाळेच्या हॉकी संघात गेली आणि पहिल्याच आठवड्यात गोलात उभी राहिली. कारण साधं होतं. बाकीच्या मुलींना पळायचं होतं, आणि पॅड, छातीचं कवच, हेल्मेट असं सगळं ओझं अंगावर घेऊन एका जागी उभं राहायला कुणी तयार नव्हतं. मला मात्र आनंद झाला. लग्नाआधी मी पेठेत राहायचो आणि आमच्या तालमीच्या फुटबॉल संघात गोलकीपर होतो; कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ असतात. फार मोठा नव्हतो. पण गोलात उभं राहण्याचं मला कळतं, असं मला वाटायचं. हॉकीचा चेंडू लहान आणि दगडासारखा, फुटबॉलचा मोठा आणि मऊ, पण गोल तो गोलच.

मी तिला घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर शिकवायला लागलो. माझं शिकवणं एका वाक्यात सांगता येईल: रेषा सोडायची नाही. पाय गोलरेषेवर, पाठ गोलाकडं, आणि चेंडू येईल तसं डावीउजवीकडं सरकायचं. आम्ही चिखलाच्या मैदानावर खेळायचो. पुढं गेलेला गोलकीपर घसरून पडायचा आणि त्याच्या डोक्यावरून चेंडू जायचा. म्हणून रेषा.

सामन्याला मी गोलाच्या मागं उभा राहायचो. हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. पण आमच्या शहरात गोलकीपर कधी एकटा नसतो. त्याच्या पाठीमागं पाच-दहा माणसं जाळीला नाक लावून उभी असतात आणि ती तोंडानं खेळत असतात. 'डावीकडं बघ', 'हात वर', 'आता गेला बघ', 'झोपलायस काय'. माझ्याही मागं तालमीतली वडीलधारी माणसं अशीच उभी असायची. त्यांच्यातला एक जण मी चेंडू सोडला की माझ्या घरच्यांचा उद्धार करायचा आणि अडवला की जाळीतून खारे शेंगदाणे द्यायचा. मुलीच्या मागं मी एकटाच असायचो, कुंपणाला लागून, हातात वही. वहीत तीन रकाने: गोलावर आले, आत गेले, अडवले. शिवाय आत गेलेला प्रत्येक चेंडू कुठून मारला, कुठल्या कोपऱ्यात गेला, जमिनीलगत की उंच, हेही मी लिहायचो. सहावीपासून नववीपर्यंत एकतीस सामने. गोलावर आले दोनशे अडुसष्ट, आत गेले एकाहत्तर. म्हणजे शंभरात साडेत्र्याहत्तर अडवले.

ती आठवीत असताना तो मुलगा आमच्या घरात आला.

रविवारची दुपार होती. मागच्या भिंतीवर थप्प, थप्प असा आवाज येत होता. जाऊन बघतो तर ती एका हातानं टेनिसचा चेंडू भिंतीवर मारत होती आणि दुसऱ्या हातानं झेलत होती. झेलताना मान खाली वळवून चेंडू हातात शिरेपर्यंत त्याच्याकडं बघत होती.

"काय चाललंय?"

"प्रॅक्टिस."

"कुणी सांगितली?"

"हाय एक जण."

"कुठला?"

"लॅटव्हियाचा."

आतून बायको म्हणाली, "कुठल्या गल्लीत आलं म्हणायचं हे?"

मुलीनं मोबाइल दाखवला. तिच्या शाळेत गोलकीपरला शिकवणारं वेगळं कुणी नव्हतं. सर सगळ्यांना पळवायचे, मारायला लावायचे, आणि तिला म्हणायचे, "तू उभी राहा." मग तिनं आपलं आपण मोबाइलवर शोधलं आणि तिला हा सापडला. अठरा वर्षांचा, लांब हातापायांचा, डोळ्यांखाली काळं असलेला मुलगा. गॅरेजच्या दारावर चेंडू मारत होता. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, ती वाचून ती मला सांगत होती. चेंडू थांबेपर्यंत नजर काढायची नाही, गेला तरी मान फिरवून बघायचं. त्यांच्यात चेंडू नसतो, रबराची चकती असते. पण तिच्या मते त्यानं काही फरक पडत नव्हता.

मी नकाशा काढला. लॅटव्हिया समुद्राच्या काठावर एवढासा. लोकसंख्या बघितली तर पुऱ्या देशात मिळून आमच्या कोल्हापूर जिल्ह्याच्या निम्मी माणसं. मला हे पटेना. निम्म्या माणसांत त्यांचे गोलकीपर जगभर खेळतात आणि आमच्या अख्ख्या जिल्ह्यात माझ्या मुलीला शिकवायला मी एकटा.

त्या दिवसापासून तो आमच्या घरात राहायला आल्यासारखंच झालं. जेवताना त्याची गोष्ट निघायची. तो पंधराव्या वर्षी घर सोडून दुसऱ्या देशात शिकायला गेला. त्याला अमेरिकेतल्या एका मोठ्या संघानं निवडलं, पण अगदी शेवटी शेवटी, बहुतेक सगळी मुलं निवडून झाल्यावर. मग त्याला खालच्या संघात पाठवलं. तिथंही तो दुसरा गोलकीपर; बाकावर बसून, बर्फावर जाणाऱ्या-येणाऱ्या खेळाडूंसाठी कुंपणाचं दार उघडायचं आणि बंद करायचं. मुलगी हे सगळं अशा थाटात सांगायची, जणू तो तिचा आत्तेभाऊ आहे आणि काल फोनवर बोललाय.

"एवढं बसून राहायचं तर गेला कशाला?" मी म्हणायचो.

"वेळ येईल की त्याची."

"आली न्हाय तर?"

"पप्पा, तुमचं काय जातंय?"

माझं काय जात होतं ते मला सांगता येत नव्हतं. माझं जात होतं ते असं: प्लॉटवर मी "रेषा" म्हटलं की ती आता दोन पावलं पुढं उभी राहायची. पुढं आलं की मारणाऱ्याला गोल लहान दिसतो, हे त्यानं सांगितलं होतं. त्यानं भिंतीवर खडूनं रेघा मारून दाखवलंही होतं. मला रेघा कळल्या. त्रिकोण मलाही येतात. पण ती गोष्ट तिला मी सांगितलेली नव्हती, हे मला सहन होत नव्हतं.

मग मी त्याचे आकडे बघायला लागलो. त्यांच्या खेळात प्रत्येक सामन्यानंतर गोलकीपरचा हिशेब लावतात: गोलावर किती मारे आले, किती अडवले, शंभरात किती. म्हणजे माझ्या वहीचंच काम, पण सगळ्या जगाला दिसेल असं. तिकडं संध्याकाळी सामना असला की इकडं आमची सकाळ असते. दुपारची पाळी असली की मी सकाळी निवांत असायचो. अंघोळ करायच्या आधी मोबाइल उघडायचा. तो खेळला असेल आणि त्याला चार-पाच गोल झाले असतील तर माझा दिवस चांगला सुरू व्हायचा. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं होतं. विशी न गाठलेला मुलगा, घरापासून हजारो मैल, त्याला गोल होतायत आणि मी बावड्यात चहात बिस्कीट बुडवतोय.

बायकोच्या हे लक्षात आलं. एकदा कप उचलताना म्हणाली, "गोल झालं वाटतं त्या पोराला."

"तुला कसं कळलं?"

"आज साखर कमी हाय म्हणून वरडला न्हाईसा."

नववीच्या शेवटी जिल्हा पातळीवरचा उपांत्य सामना होता. एक-एक बरोबरी. शेवटची काही मिनिटं. समोरच्या संघाची एक ठेंगणी, चपळ मुलगी उजवीकडून एकटीच चेंडू घेऊन सुटली. आमची सगळी बचावफळी मागं पडली होती. माझी मुलगी गोल सोडून पुढं निघाली. एक, दोन, तीन, चार पावलं. मला मागून तिची पाठ लांब जाताना दिसली आणि पुढं केवढा तरी रिकामा गोल.

मी ओरडलो, "मागं! मागं ये!"

ती थबकली. फार नाही, एक पाऊल मागं घेऊ की नको इतकंच. चेंडू तिच्या दोन पायांमधून गेला, गोलाच्या आतल्या फळीवर आपटला, आणि तो आवाज अजून माझ्या कानात आहे. दोन-एक. हरलो.

तिनं हेल्मेट काढलं आणि वळून माझ्याकडं बघितलं. रडत नव्हती. पॅड पायांवर तसेच ठेवून स्कूटरवर मागं बसली. घरी आल्यावर पॅडचे पट्टे सोडता सोडता म्हणाली, "पप्पा, आता माझ्या मागं उभं ऱ्हायचं न्हाय."

"मी काय मुद्दाम..."

"मुद्दाम न्हाय. पण न्हाय."

"आपल्यात मागं कुणीतरी असतंयच की."

"त्याचं वडील सगळ्यात वरच्या रांगेत जाऊन बसतात. तोंडातनं आवाज काढत न्हाईत. त्यानंच सांगितलंय."

आता त्याचे वडीलही. बायको भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, पण ती म्हणाली, "जावा वर. काय झाडावर चढायचं न्हाय, पायऱ्या हाईत."

दहावी आणि अकरावीचे बावीस सामने मी वरून, प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरून बघितले. वही होतीच. पण वरून एक अडचण होती. चेंडू गोलाच्या बाहेरून गेला, की तिच्या पॅडला लागून बाहेर गेला, हे तिथून समजत नाही. हॉकीचा चेंडू छोटा आणि मारा जोरात. गोलाच्या मागं उभं असताना मला हे स्पष्ट दिसायचं. वरून नाही. मग मी माझ्या नकळत काट्यावरची पद्धत लावली. काट्यावर आम्ही मधे काय झालं हे बघत नाही. भरलेलं वजा रिकामं. तसं इथं: डीमधून, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळातून, मारलेले सगळे वजा आत गेलेले, उरले ते अडवलेले. मी हे ठरवून केलं नाही. पहिल्या सामन्याला तसं लिहिलं आणि पुढं तेच चालू राहिलं.

अकरावीच्या शेवटी बेरीज केली. आले तीनशे एकतीस, गेले एकतीस, अडवले तीनशे. शंभरात नव्वदच्या वर. त्या वर्षी तो लॅटव्हियन खालच्या संघात वाईट खेळत होता आणि त्याचा आकडा नव्वदच्या खाली होता. मी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. तीन वेळा तपासले. मग जेवायला बसताना वही ताटाशेजारी ठेवली.

"काय हाय?" मुलगी म्हणाली.

"बघ. तुझा नव्वद पॉइंट सहा. त्याचा नव्वदला पोचलेला न्हाय."

तिनं वही घेतली. मला वाटलं ती हसेल. ती पानं उलटत मागं गेली, मग पुढं आली.

"बाहेर गेलेले पण धरलाईसा?"

"कुठले बाहेर?"

"जे गोलावर नव्हतेच ते. ते मी कशी अडवणार? ते गोलाच्या बाजूनं गेले, पप्पा. मी हललो पण न्हाय."

मी वही माझ्याकडं ओढली. तिनं भाजीत भाकरी बुडवली आणि म्हणाली, "आणि ते बाहेर का जातात सांगू? मी पुढं येतो म्हणून. मारणारीला जागा दिसत न्हाय."

म्हणजे माझी चूकसुद्धा त्याच्याच खात्यावर.

हे एवढ्यावर मिटलं असतं, पण त्याच आठवड्यात सरांचा फोन आला. परराज्यात मुलींची एक निवासी अकादमी होती, तिथं गोलकीपरची निवड चाचणी होती. अर्जाबरोबर आधीच्या सामन्यांची नोंद मागितली होती. "तुमच्याशिवाय ती कुणाकडंच न्हाय बघा," सर म्हणाले. "आकडा चांगला असंल तर बोलावतील. न्हायतर अर्जातच मारतील. कितीतरी पोरी असत्यात."

मुलीला जायचंच होतं. तिनं आधीच नकाशावर ते गाव शोधून ठेवलं होतं. तोही पंधराव्या वर्षी घरातून गेला होता, ती तर सतराची होती.

बायकोचं म्हणणं स्वच्छ होतं. "तुम्ही नव्वद लिवलंय, नव्वद पाठवा. खोटं लिवलं न्हाईसा. चुकून लिवलंय."

"आता चूक कळलीय."

"कुणाला? तुमास्नी आणि तिला. तिकडच्यास्नी कुठं कळलीय?"

मी नव्वद पाठवू शकत नव्हतो. त्यात माझा मोठेपणा नाही. चुकीची पावती हातात धरली की मला खाज सुटते. पण बरोबर आकडा काढायचा कसा? संघातल्या मुलींच्या पालकांनी मोबाइलवर सामने चित्रित केले होते. गारगोटीकडचे एक पालक होते, दूध संस्थेत काम करणारे, त्यांची मुलगी पुढं खेळायची. ते आपल्या मुलीसाठी सगळे सामने एका टोकाला उभं राहून टिपायचे. त्यांच्याकडं चौदा सामने मिळाले.

"पावणं, माझी पोरगी बघून घ्या, तुमची आपोआप दिसंल," असं म्हणून त्यांनी सगळं पाठवलं.

तीन रविवार मी बसलो. प्रत्येक मारा थांबवून, मागं घेऊन, पुन्हा बघायचा. गोलावर होता की नव्हता. तिला लागला की नाही लागला. बाहेर गेलेले अठ्ठ्याण्णव निघाले.

आता जे लिहितो आहे ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ते अठ्ठ्याण्णव वजा करत असताना मला मनातून हवं होतं की आकडा साडेत्र्याहत्तरच्या खाली यावा. साडेत्र्याहत्तर हा माझा आकडा होता, मी तिच्या मागं उभा असतानाचा. खाली आला असता तर मी तिला वही दाखवली असती आणि म्हटलं असतं, बघ, रेषेवर होतीस तेव्हा बरी होतीस. तिचा अर्ज वाया गेला असता. हे मला माहीत होतं, आणि तरी पेन्सिल हातात धरून मी खाली यायची वाट बघत होतो. माझ्याच मुलीचा आकडा.

गोलावर आले एकशे सोळा. आत गेले बावीस. अडवले चौऱ्याण्णव. शंभरात एक्क्याऐंशी.

मी पुन्हा बेरीज केली. एक्क्याऐंशी. दोन वर्षांत साडेसातची वाढ, आणि ती मी मागून हलल्यावरची. त्या मुलानं बाकावर बसून, दार उघडत-बंद करत, माझ्या मुलीला साडेसात टक्के पुढं नेलं होतं.

अर्जाला मी दोन्ही आकडे जोडले, आधीचा आणि नंतरचा, आणि खाली लिहिलं की नंतरचा आकडा बावीसपैकी चौदा सामन्यांचा आहे, उरलेल्या आठांची खात्रीशीर नोंद नाही. आत गेलेल्या प्रत्येक चेंडूची यादीही जोडली, कोपऱ्यासकट. सर म्हणाले, "एवढं कशाला?" मी म्हणालो, "हाय ते हाय."

बोलावणं आलं. तिला घेऊन मी गेलो, रेल्वेनं दीड दिवस. चाचणी घेणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या, स्वतः गोलकीपर राहिलेल्या. एक बोट वाकडं होतं. त्यांनी कागद वाचायला घेतला आणि बराच वेळ वाचत राहिल्या. मग आपल्या मारणाऱ्या मुलींना जवळ बोलावून काहीतरी सांगितलं. मी कुंपणाबाहेर होतो.

पहिला चेंडू डावीकडं, जमिनीलगत. दुसरा डावीकडं, जमिनीलगत. तिसराही. मला पाचव्याला समजलं. बावीस गोलांपैकी तेरा डाव्या खालच्या कोपऱ्यात होते आणि ते मी स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं. वीस चेंडू तिथंच मारले. सात आत गेले.

पाणी प्यायला ती कुंपणाशी आली. घामानं केस कपाळाला चिकटले होते.

"कोपरे पण लिहून दिलाईसा?"

"वहीत होतं ते दिलं."

"सगळं?"

"सगळं."

ती पाण्याची बाटली माझ्या हातात कोंबून परत गेली. त्यानंतरचे चेंडू सगळीकडं आले आणि त्यातले बरेचसे तिनं अडवले. पुढं येऊन. शेवटी मॅडमनी तिला जवळ बोलावलं. मी तेव्हा दहा फुटांवर होतो. त्यांनी हिंदीतून विचारलं, पुढं येऊन उभं राहायला तुला कुणी शिकवलं?

मुलगी म्हणाली, मोबाइलवर बघून शिकले, लॅटव्हियाचा एक गोलकीपर आहे.

मॅडम हसल्या. त्यांना तो माहीत होता. दोघी त्याच्याबद्दल बोलायला लागल्या. मी वाट बघितली. तिच्या उत्तराला दुसरं एक वाक्य असेल असं मला वाटत होतं. पहिली चार वर्षं कुणी प्लॉटवर चेंडू मारले, हे वाक्य फार लांब नाही. ते आलं नाही. तिनं मुद्दाम टाळलं असं नाही. विचारलं होतं पुढं येण्याबद्दल, आणि ते मी शिकवलं नव्हतं. उत्तर बरोबर होतं. मला ते बरोबर असल्याचाच राग आला.

पंधरा दिवसांनी यादी आली, तिचं नाव होतं. मॅडमनी का घेतलं ते कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती गेली तेव्हा सामानात टेनिसचे दोन चेंडू होते. तिच्या आईनं तिखट, चटणी आणि एक जाड चादर बांधून दिली. मी एक नवी वही दिली, रकाने आखून. तिनं ती घेतली, उघडून बघितली आणि बॅगेत सगळ्यात खाली ठेवली.

आता तिला जाऊन पाच महिने झाले. रविवारी सकाळी तिचा फोन येतो. सुरुवातीला आई बोलते, जेवण, कपडे, गुडघा. मग माझ्याकडं. मी विचारतो, कुठं उभी राहतेस आता? ती सांगते, "ते मॅडम ठरवतात. चेंडू कुठं हाय त्यावर." डावा खालचा कोपरा? "त्यावर मॅडम रोज अर्धा तास घेतात." नोंद कोण ठेवतं? "मॅडमकडं लॅपटॉपवर असतंय, पप्पा. सगळ्यांचं." तिच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला मॅडम येतात. मी त्यांचं नाव शोधून त्या खेळत असतानाच्या जुन्या बातम्या वाचल्या. चांगल्या गोलकीपर होत्या. माझ्या दृष्टीनं जरा जास्तच चांगल्या.

मागच्या रविवारी मी सवयीनं सकाळी मोबाइल उघडला. त्या लॅटव्हियन मुलाला अखेर वरच्या संघानं बोलावलं होतं. त्यांचा पहिला गोलकीपर जखमी झाला होता. चार वर्षं ज्याची वाट बघत होता तो सामना, आणि त्याला पाच गोल झाले. मी प्रत्येक गोल बघितला. दोनदा बघितला. मग तिचा फोन आला.

"तो काल खेळला बघ," मी म्हणालो.

"कोण?"

"कोण काय? तुझा लॅटव्हियाचा."

"व्हय? मला माहीतच न्हाय. आता वेळ न्हाय मिळत बघायला. जिंकला काय?"

"पाच झाले."

"पाच?" ती हसली. "मग काय उपयोग. मॅडम म्हणतातच, त्याचा डावा पाय मागं ऱ्हातो."

"मॅडमनी सामना बघितलाय काय?" माझा आवाज चढला. बायकोनं स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं. "पाचातले दोन त्याच्याच माणसाच्या पायाला लागून आत गेलेत. तिसऱ्याला समोर तिघं उभं, त्याला चकती दिसली तरी काय? त्याच्या पदरात दोनच टाकायचे. आणि एकोणतीस अडवलेत त्यानं. एकोणतीस. ते कुणी मोजायचे?"



"पप्पा," ती म्हणाली, "तुम्ही त्याची बाजू कधीपास्नं धरायला लागलाईसा?"

मी म्हणालो, बाजू धरायचा प्रश्न नाही, हिशेब बरोबर लागला पाहिजे. तिनं बरं म्हटलं आणि आईला द्यायला सांगितलं.